सहा ग्राफिक्स कार्डांचा मायनिंग रिग (क्रिप्टोकरन्सी मिळवण्यासाठी चालवलेला संगणक) मध्येच रीस्टार्ट होतो, दोष कुठे शोधू?

आधी सगळ्या कार्डांचं ओव्हरक्लॉक (मूळपेक्षा वाढवलेला वेग) काढा आणि मूळ सेटिंगवर चालवून बघा. तरीही रीस्टार्ट होत असेल तर माझा पहिला संशय रायझरवर (कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटला जोडणारा छोटा बोर्ड), त्यातही त्याला वीज कुठून दिली आहे यावर. स्लॉटमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. साटा कनेक्टरची (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या जोडणीची) क्षमता १२ व्होल्टवर ५४ वॅटच. रायझरसोबत मिळणारी साटाची वायर म्हणूनच तापते, वितळते, कधी पेटतेही. ती सरळ फेकून द्या आणि रायझरला सहा पिनची पीसीआयई केबल (ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी) जोडा. एकाच केबलला तीन-चार रायझर लटकवू नका.

वीज ठीक असेल तर एकच कार्ड लावून सुरू करा, मग एकेक वाढवा. जिथे अडेल तिथला रायझर चांगल्या कार्डाला लावा. दोष रायझरबरोबर सरकला तर रायझर बदला, नाहीतर कार्ड किंवा स्लॉट तपासा. काम कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने पार्ट घेत सुटण्यापेक्षा स्वस्त.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग', म्हणजे अनेक कार्डं ओळखण्यासाठी लागणारी सेटिंग, चालू हवं, पीसीआयई स्लॉटचा वेग जेन १ किंवा २ वर ठेवा. विंडोजवर असाल तर पेजफाइलही (रॅम कमी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवा.