आधी मांडणीचं प्रकरण उघडा

एचटीएमएल, म्हणजे वेबची पानं लिहायची भाषा, शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं, हा प्रश्न कॉलेजं सुरू झाली की येतोच. या वेळी ठाण्याहून आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांत विद्यार्थ्यांबरोबर एक डीटीपीवाले आहेत, घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक ताई आहेत आणि नातीसाठी लिहिणारे एक आजोबाही. प्रत्येकाची गरज निराळी, म्हणून एकाच पुस्तकाचं नाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

प्रश्न : मी कळव्याला राहतो, टी. वाय. बी. कॉम.ला आहे. फोर्टच्या फुटपाथवरून एचटीएमएलचं एक जाडजूड पुस्तक स्वस्तात घेतलं. आत साल २००१ आहे. मित्र म्हणतो, रद्दीत घाल. घालू का?

रद्दीत घालू नका, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचूही नका. या विषयाचे दोन भाग दोन वेगवेगळ्या गतीने जुने होतात.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेब उभं केलं, त्या १९९०-९१ च्या काळातही पानावर मथळा होता, परिच्छेद होता, यादी होती, एका पानावरून दुसऱ्यावर नेणारा दुवा होता. आजही पानाचा सांगाडा याच गोष्टींचा असतो. तुमच्या पुस्तकातला हा भाग खुशाल वाचा. मोठा मथळा कुठला, त्याखालचा छोटा कुठला, यादी कधी करायची, हे त्यातून छान कळेल.

कालबाह्य झालाय तो पान दिसायला कसं असावं हे सांगणारा भाग. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली अधिकृत शिफारस १९९६ ची असली, तरी ब्राउझर ती धडपणे पाळत नव्हते. डावीकडे मेनू आणि उजवीकडे मजकूर हवा असेल तर लोक टेबलात टेबल घुसवत. मीही तसंच शिकलो, आणि ती सवय मोडायला मला मूळ शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. म्हणूनच सांगतो, तुमच्या पुस्तकात फॉन्ट, सेंटर, मार्की, फ्रेमसेट या टॅगची (टॅग म्हणजे कोनी कंसात लिहायची खूण) प्रकरणं आली की पान उलटा. हे टॅग आता एचटीएमएलच्या अधिकृत प्रमाणातून बाद झाले आहेत. ब्राउझर जुन्या पानांसाठी त्यातले काही अजून दाखवतो, त्यामुळे नवशिक्याला वाटतं की सगळं बरोबर आहे.

पुस्तक नवं की जुनं हे छपाईच्या सालावरून नेहमी कळत नाही, कारण जुना मजकूर नव्या मुखपृष्ठात पुन्हा छापला जातो. दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी पाहा. पहिल्या उदाहरणाची अगदी पहिली ओळ, म्हणजे डॉकटाइप, बघा. ती दोन शब्दांत संपली तर ठीक. दोन ओळी लांब असेल आणि तिच्यात ‘ट्रान्झिशनल’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ असा शब्द असेल, तर तो मजकूर एचटीएमएल ५ च्या आधीचा आहे. मग मांडणीचं प्रकरण उघडा. त्यात फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड, म्हणजे पानाचे भाग मांडायच्या सीएसएसच्या नव्या पद्धती, असल्याच पाहिजेत. ग्रिड क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मार्च २०१७ मध्ये आलं. त्याआधीच्या पुस्तकात फ्लोटच्या, म्हणजे भाग डावी-उजवीकडे सरकवून मांडायच्या जुन्या पद्धतीच्या, कसरती असणार.

एक उदाहरण देतो. जॉन डकेट यांचं ‘एचटीएमएल अँड सीएसएस’ (२०११) बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात दिसतं. त्याची पानं इतकी देखणी आहेत की शिकायची भीती जाते, आणि एचटीएमएलची प्रकरणं आजही चांगली आहेत. पण मांडणी फ्लोटची आहे आणि फ्लॅशवरही (पानात ॲनिमेशन-व्हिडिओ दाखवायचं जुनं तंत्र) मजकूर आहे. फ्लॅश तर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झालं. जेनिफर रॉबिन्स यांच्या ‘लर्निंग वेब डिझाइन’च्या २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड दोन्ही सविस्तर आहेत. एकच विकत घ्यायचं असेल तर मी हे दुसरं घेईन. सांगाड्यापुरतं तुमचं फुटपाथवरचं पुस्तक आहेच.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवाळीच्या आत स्वतःच्या हाताने एक साधं पान बनवायचंय. इंग्रजी वाचायची सवय सुटली आहे. मराठी पुस्तकावर भागेल का?

भागेल, ताई. तुम्हाला जेवढं लागणार आहे त्याला मोठं पुस्तक लागतच नाही. व्यवसायाचं नाव, पदार्थांची दरासकट यादी, चार फोटो, ऑर्डर कधीपर्यंत घेता ती तारीख आणि फोन नंबर. एवढ्याला वीसेक टॅग पुष्कळ झाले, आणि त्यातले हेड, बॉडी, टेबल, बटन हे शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. वर टेबलाविरुद्ध बोललो ते पानाच्या मांडणीपुरतं. चकली, करंजी, चिवडा आणि त्यांचे दर ही खरीखुरी सारणी आहे, तिथे टेबलच वापरायचं.

मराठी पुस्तक निवडताना वरच्या दोन कसोट्या लावाच, आणि तिसरी त्याहून महत्त्वाची. उदाहरणांत मराठी मजकूर आहे का ते पाहा. मराठी पुस्तकातही सगळी उदाहरणं इंग्रजी असतील, तर तुमच्या खऱ्या अडचणींना त्यात उत्तर मिळणार नाही. इंग्रजी पुस्तकं तर यावर फारसं बोलतच नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पानाच्या वरच्या भागात अक्षरसंच यूटीएफ-८ आहे असं लिहा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन आणि चिन्हं दिसू शकतात. एचटीएमएलच्या टॅगमध्ये भाषा म्हणून ‘एमआर’, म्हणजे मराठीची खूण, द्या. अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावरून आवाज निवडतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे उमटतात. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायची सीएसएसची सूचना मराठीला कधीच लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातला आकडा तसाच घेतला तर ओळी एकमेकींना चिकटतात. मी ते अक्षराच्या आकाराच्या १.७ पटीच्या आसपास ठेवतो. फॉन्टसाठी ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या, दोन्ही विनामूल्य आहेत.

फोनवर काढलेला फोटो थेट टाकू नका. तो काही एमबीचा असतो, गिऱ्हाईक लोकलमध्ये असेल तर पान उघडायची वाट बघत बसणार नाही. आधी लहान करा. प्रत्येक फोटोला ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी वर्णन, द्या, ‘भाजणीची चकली, अर्धा किलोचं पाकीट’ इतका नेमका. आणि फोन नंबर नुसता छापू नका, त्याला दुवा द्या, म्हणजे बोट लावलं की फोन लागेल.

प्रश्न : नौपाड्यात वीस वर्षं डीटीपी करतोय. पेजमेकर, कोरलड्रॉ हातात बसलेलं आहे. आता गिऱ्हाइकं वेबसाइट मागतात. डिझाइन मला येतंच, मग फक्त कोडचं पुस्तक घेतलं तर चालेल ना?

तुमच्याकडे आहे ते नुसत्या कोडवाल्याकडे नसतं. कुठे मोकळी जागा सोडायची, कुठला टाइप कशाशेजारी शोभतो, ही नजर पुस्तकातून लवकर येत नाही. तरीही नुसतं कोडचं पुस्तक घेऊ नका, कारण एका बाबतीत तुम्हाला नव्याने शिकायचं आहे. तुमचा कागद ठरलेला असतो, ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. वेबच्या पानाला कड नसते. तेच पान कोणी फोनवर बघतं, कोणी ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर, कोणी अक्षर दुप्पट मोठं करून. पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या अशा मांडणीला २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव दिलं. ज्या पुस्तकात हा विषय शेवटच्या एका प्रकरणात उरकला असेल ते तुमच्यासाठी नाही. मापं पिक्सेलऐवजी टक्के आणि रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर ठरणारं माप) सुरुवातीपासून दिलेली हवीत.

दुसरी अडचण तुमच्या जुन्या फाइलींची. यूनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो, कारण त्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात. आधी यूनिकोडमध्ये रूपांतर करा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्याखालून घाला, तिथेच चुका राहतात. हे जमत नाही म्हणून पूर्ण जाहिरात चित्र करून पानावर डकवणं ही आपल्याकडची फार रूढ सवय आहे. ती मला मनापासून खटकते. तो मजकूर फोनवर वाचता येत नाही, शोधात नीट सापडत नाही, कॉपी होत नाही आणि स्क्रीन रीडर त्यावरून मुका जातो. रंगांचं म्हणाल तर सीएमवायके (छपाईचे शाईरंग) विसरून आरजीबीत (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) काम करा, आणि मजकूर व पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ ठेवा. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषात साध्या आकाराच्या मजकुरासाठी हेच प्रमाण आहे. पिवळ्यावर पांढरं अक्षर कागदावर खपून गेलं असेल, इथे चालणार नाही.

सरावाला तुम्हीच केलेली एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या. आधी रंग-फॉन्ट न लावता नुसत्या एचटीएमएलमध्ये लिहा: मथळा कुठला, तारीख-स्थळ कुठलं, निमंत्रकांची यादी कुठली. मग रूप द्या. पत्रिकेइतकी घट्ट बांधलेली रचना शोधून सापडणार नाही, आणि ती तुम्हाला पाठ आहे.

प्रश्न : कोपरखैरणेहून लिहितेय. व्हिडिओ फुकट आहेत, एआयला सांगितलं की पान तयार होतं. मग पुस्तकावर हजार रुपये का घालवायचे?

पैसे नसतील तर घालवू नका. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं एमडीएन हे वेबची माहिती देणारं संकेतस्थळ विनामूल्य आहे, त्यातला शिकण्याचा विभाग एखाद्या पुस्तकासारखा क्रमाने लावलेला आहे, आणि तो अद्ययावतही असतो. एचटीएमएलचं प्रमाण आता आवृत्त्यांमध्ये न अडकता सतत सुधारत राहतं, त्यामुळे छापील पुस्तकाबरोबर एमडीएन लागतंच.

पुस्तकाचं काम क्रम लावून देण्याचं आहे. शिकणाऱ्याला आपल्याला काय येत नाही हेच ठाऊक नसतं, म्हणून त्याला शोधताही येत नाही आणि एआयला विचारताही येत नाही. एक उदाहरण बघा. एआयने तुम्हाला ‘ऑर्डर करा’ असं बटण दिलं. ते दिसतंय, माउसने चालतंय. पण आतून ते बटन टॅगऐवजी डिव्ह (स्वतःचा अर्थ नसलेला नुसता डबा) असेल, तर माउसऐवजी कीबोर्डची टॅब कळ दाबत येणाऱ्या माणसाला ते बहुधा सापडणारच नाही, आणि स्क्रीन रीडरही त्याला बटण म्हणणार नाही. हे ओळखायला बटन आणि डिव्ह यांतला फरक आधी माहीत हवा. पहिला महिनाभर सगळं हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट आणि एआय बाजूला ठेवा. त्यानंतर एआय खुशाल वापरा, कारण तोवर त्याने दिलेलं वाचता येऊ लागलेलं असेल.

प्रश्न : मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जुना सभासद. नात आठवीत आहे, तिला वेबसाइट बनवायची आहे. पुस्तक वाचनालयातून आणावं की विकत?

आजोबा, चाळायला वाचनालयातून आणा, आवडलं तर विकत घ्या. हे पुस्तक कीबोर्डशेजारी तीन-चार महिने उघडं राहणार, त्यात पेन्सिलीच्या खुणा होणार. बारीक टाइपाचा ठोकळा नको, प्रत्येक दोन-चार पानांनी काहीतरी करून बघायला लावणारं हवं. नोटपॅड आणि ब्राउझर संगणकात असतातच, वेगळं काही घ्यायची गरज नाही. पहिला विषय तिचा तिला ठरवू द्या.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, दिव्याहून रोज कॉलेजला जातो. सुरुवात करू शकतो का?

करू शकता. फोनवर कोड लिहायची विनामूल्य ॲप आहेत, पण कोनी कंस सारखे टाइप करताना बोटं कंटाळतात. म्हणून प्रवासात वाचन, वहीत पानाचा सांगाडा हाताने काढणं, आणि आठवड्यातून दोनदा कॉलेजच्या लॅबमध्ये बसून तो टाइप करणं, असं वाटून घ्या. पानं फोनवर उघडून बघायची सवय मात्र सोडू नका, लॅबच्या मोठ्या पडद्यावर झाकलेल्या चुका तिथे लगेच दिसतात.