बारसे आधी, शस्त्रक्रिया नंतर

प्रिय भगिनी,

तुमच्या सव्वा महिन्याच्या मुलीचा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेला आहे, सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरल्यामुळे असे झाले असे सासूबाई म्हणतात, बारसे लांबवले आहे आणि 'लग्नाच्या वयात ओठ शिवून घेऊ' असे घरात ठरते आहे, असे तुम्ही कळवले आहे. हे तुमच्या हातून झाले का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. गर्भाचा वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो. म्हणजे ते ग्रहण लागण्याच्या कितीतरी आधी जे व्हायचे ते होऊन गेले होते. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्यापुढे हा महिन्यांचा हिशेब मांडा. दिवस मोजण्यात त्या पिढीचा हात धरणारे कोणी नाही.

लग्नाच्या वयापर्यंत थांबण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. बाळ दहा आठवड्यांचे झाले, वजन साडेचार किलोच्या आसपास गेले आणि हिमोग्लोबिन १० असले, की ओठाची शस्त्रक्रिया करता येते, असा डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे. बहुतेक ठिकाणी ती तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान होते.

मला खरी काळजी टाळूची वाटते. ओठ सर्वांना दिसतो, म्हणून तो शिवला की घरातल्यांना काम संपल्यासारखे वाटते आणि पुढच्या तारखेला कोणी जात नाही. टाळू उघडा राहिला तर बोलताना हवा नाकावाटे निसटते, 'प', 'ब', 'ट', 'क' ही अक्षरे नीट उमटत नाहीत आणि मूल गेंगाणे बोलू लागते. एकदा जडलेली ही सवय नंतरच्या शस्त्रक्रियेनेही सहज सुटत नाही. म्हणून टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, फार तर दीड वर्षाच्या आत करून घ्यावी. अशा मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठते, त्यामुळे श्रवणाची तपासणी हवी, आणि पुढे वाचाउपचारही लागू शकतात. हिरडीतही फट असेल, तर आठ-दहा वर्षांच्या सुमारास तिथे हाड भरावे लागते.

तोवर वजन वाढवणे हेच तुमचे काम आहे. टाळू दुभंगलेले बाळ ओढून पिऊ शकत नाही, तुमचे दूध कमी आहे असे नव्हे. दूध पिळून काढून, बाळाला उभट धरून, वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने थोडे थोडे पाजा आणि मधूनमधून ढेकर काढा. नाकातून दूध आले तर घाबरू नका, क्षणभर थांबा. पण वजन वाढत नसेल किंवा पिताना बाळ निळे पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

खर्चाची चिंता तुम्ही लिहिली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग समाविष्ट आहे आणि त्याखाली उपचार विनामूल्य होतात. आशाताईंना सांगून जिल्हा रुग्णालयात नोंद करा. स्माइल ट्रेन ही संस्थाही निवडक रुग्णालयांमधून या शस्त्रक्रिया मोफत करून देते.

आणि बारसे याच महिन्यात करा. रुग्णालयातल्या कागदांवर 'अमुक यांचे बाळ' असे लिहिले जाण्यापेक्षा तिचे स्वतःचे नाव लिहिलेले असावे.