एचएचटीची बटणं हाताच्या सोयीने कशी बदलावीत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमच्या गोदामात गनसारखे, भरपूर बटणांचे, विंडोजवर चालणारे जुने एचएचटी (हातात धरून बारकोड वाचायची यंत्रं) होते. आता त्यांच्या जागी टचस्क्रीनचे झेब्रा टीसी ५२ आले. मागचं सॉफ्टवेअर मात्र तेच, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचं टेलनेट, म्हणजे मुख्य संगणकाचा पडदा यंत्रावर दाखवणारी जुनी सोय. एफ ३, एफ १२ आणि एंटर सतत लागतात. पोरं वैतागली आहेत. प्ले स्टोअरवरून बटणं बदलायचं एक ॲप घातलं, ते मध्येच बंद पडतं. बाजूच्या एखाद्या बटणाला एंटर देता येईल का?
– गोदाम पर्यवेक्षक, भिवंडी

उत्तर : देता येईल, आणि त्यासाठी बाहेरचं ॲप लागत नाही. ते आधी काढून टाका. अशी ॲप्स अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेवेवर चालतात. बॅटरी वाचवायला यंत्रणेने ॲप झोपवलं, की बटण आपलं जुनं काम करायला लागतं. शिवाय या सेवेची परवानगी मिळालेल्या ॲपला दाबलेली बटणं कळतात, बऱ्याचदा पडद्यावरचा मजकूरही वाचता येतो. मालाचा सगळा हिशेब ज्या यंत्रावर दिसतो, तिथे अनोळखी ॲपला इतकी मुभा देऊ नका.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगते. बटण दाबलं की हार्डवेअरकडून एक स्कॅनकोड येतो. अँड्रॉइड आपल्या तक्त्यात बघून त्याचा कीकोड ठरवतो. एंटरचा ६६, टॅबचा ६१, एफ १ चा १३१. ॲपच्या हाती पडतो तो हा कीकोड. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने दिलेली सोय ही अदलाबदल ॲपपर्यंत पोचण्याआधीच करते, म्हणून ती टेलनेटमध्ये, ब्राउझरमध्ये, कुठेही सारखीच चालते.

तुमच्या टीसी ५२ वर सेटिंग्जमध्ये ‘की प्रोग्रामर’ शोधा. ज्यांचं काम बदलता येतं अशा बटणांची यादी तिथे दिसेल. त्यातलं पीटीटी, म्हणजे वॉकीटॉकीसाठी ठेवलेलं बटण निवडा आणि त्याला एंटर द्या. तुमच्याकडे वॉकीटॉकीची सोय वापरत असाल तर आधी त्या लोकांशी बोला. स्कॅनच्या बटणांना हात लावू नका. झेब्राच्या पुस्तिकेतही हाच सल्ला आहे. स्कॅनची बटणं दोन्ही बाजूंना दिलेली असतात, त्यामुळे डावखुऱ्याचंही काम अडत नाही.

पण त्याआधी पिकरच्या, म्हणजे रॅकवरून माल काढणाऱ्याच्या, शेजारी उभं राहून एंटर नेमका कधी दाबला जातो ते पाहा. प्रत्येक स्कॅननंतर दाबत असतील, तर बटण बदलण्याची गरजच नाही. डेटावेजमध्ये (यंत्रावरचं, स्कॅनचं काम सांभाळणारं झेब्राचं ॲप) तुमच्या टेलनेट ॲपचं प्रोफाइल उघडा, कीस्ट्रोक आउटपुटमध्ये जा, तिथे डेटामागोमाग एंटर पाठवण्याची खूण करा. बारकोड वाचला की एंटर आपोआप जाईल. एक काळजी घ्या. काही पडद्यांवर रकाना भरला की कर्सर स्वतःच पुढे सरकतो. तिथे हा जादा एंटर पुढचा रकाना रिकामा सोडून जाईल. पुटअवे (माल जागेवर ठेवणं), पिकिंग (माल काढणं), डिस्पॅच (माल रवाना करणं), सगळे पडदे एकदा चालवून बघा आणि मगच कायम करा.

आता एफ ३ आणि एफ १२. हिरव्या पडद्यांमागे बहुतेक वेळा आयबीएमची एएस ४०० ही संगणक प्रणाली असते. ती १९८८ साली आली. तिच्या पडद्यांवर २४ फंक्शन की असतात, एफ ३ म्हणजे बाहेर पडा आणि एफ १२ म्हणजे रद्द करून मागे जा, हा तिथला रिवाज. गनसारख्या जुन्या यंत्रांवर या कींची सोय असायची. टचस्क्रीनवर काय होतं ते मी पुष्कळ गोदामांत पाहिलंय. पिकर दातांनी हातमोजा ओढून काढतो, कीबोर्ड वर आणतो, वरच्या पट्टीतून एफ कींचं पान उघडतो, एफ ३ शोधतो. तोवर कीबोर्डाने अर्धा पडदा झाकलेला असतो आणि नग किती हवेत तो आकडाच दिसेनासा होतो. आठ तासांत किती वेळा हे करायचं त्याने? पोरं वैतागली ती उगाच नाही.

कुठल्या की द्यायच्या हे ठरवायला जुने एचएचटी भंगारात जाण्याआधी एकदा हातात घ्या आणि बटणांवरची छपाई पाहा. जी अक्षरं पुसून गेली आहेत, रबर चकचकीत झालंय, ती बटणं तुमचे लोक खरोखर वापरत होते. माझ्या अनुभवात ती यादी छोटी निघते. एंटर, एफ ३, एखादी बाणाची की, कधी एफ ५. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने दिलेल्या लांबलचक यादीपेक्षा त्या घासलेल्या रबरावर मी जास्त विश्वास ठेवते.

टीसी ५२ ला बाजूला बटणं मोजकीच, सगळं त्यांच्यावर बसणार नाही. स्कॅनमागचा एंटर डेटावेजने सुटला, तर पीटीटी बटण एफ ३ ला देता येईल. उरलेल्या कींसाठी पडद्यावरचा कीबोर्ड बदला. झेब्राच्या एंटरप्राइझ कीबोर्ड डिझायनरमध्ये स्वतःची मांडणी आखता येते. टेलनेटसाठी इव्हान्टीचं व्हेलॉसिटी वापरत असाल तर तशी सोय त्यातही आहे. खाली, अंगठा पोचेल तिथे, चारच मोठी बटणं ठेवा. हातमोजे घालून काम होत असेल तर टचच्या सेटिंगमध्ये हातमोज्याचा मोड चालू करा. तो बंद असल्यामुळेच अनेकदा ‘टच चालत नाही’ अशी तक्रार येते.

मांडणी ठरवताना दोन-तीन पिकरना बरोबर बसवा, ही माझी कळकळीची विनंती. आधी मोजक्या यंत्रांवर एक पूर्ण शिफ्ट चालवा. सोयीची वाटली तर सगळीकडे एकच मांडणी ठेवा, कारण शिफ्ट बदलली की क्रेडलवरून, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडवरून, जो हाताला येईल तो एचएचटी उचलला जातो. एकावर एंटर आणि दुसऱ्यावर एफ ३ असेल तर चुकीचा माल गाडीत चढेल.

प्रत्येक यंत्रात हाताने सेटिंग करत बसू नका. विंडोजच्या संगणकावर स्टेजनाऊ (यंत्रांत सेटिंग भरायचं झेब्राचं सॉफ्टवेअर) घाला, त्यात की मॅपिंगचं प्रोफाइल करा, त्याचा बारकोड छापा. एचएचटीवरचं स्टेजनाऊ उघडून तो स्कॅन केला की मांडणी बसली. बारकोडाचा कागद लॅमिनेट करून चार्जिंगच्या जागी लावा. दुरुस्तीहून फॅक्टरी रीसेट होऊन आलेल्या यंत्रात तुमची मांडणी नसते, आणि रात्रपाळीला हे निस्तरायला तुम्ही तिथे नसता.

तुमच्यासारखी बरीच पत्रं येतात. विंडोज एम्बेडेड हॅन्डहेल्ड ६.५ चा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हापासून जुनी यंत्रं जाऊन अँड्रॉइड येतंय. यंत्र बदलायला पैसे काढले जातात, बटणांचा विचार करायला अर्धा दिवसही काढला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करायच्या, पंख्यांचा आवाज फार. पॅलेट स्कॅन केल्याचा बीप ऐकू येत नाही, कारण कुणीतरी व्हॉल्यूम कमी करून ठेवतं. मग तोच बारकोड दोनदा तरी होतो किंवा राहून तरी जातो. व्हॉल्यूमची बटणं बंद करून टाकावीत का? यंत्रं झेब्राचीच आहेत.
– पॅकहाउस व्यवस्थापक, निफाड

उत्तर : बंद करता येतात. की मॅपिंगमध्ये बटणाचा दाब गिळून टाकायचा पर्याय असतो. पण मी तसं करणार नाही. पंख्यांपाशी मोठा आवाज लागतो, तर पॅकिंगच्या टेबलाशी तोच आवाज दिवसभर कानाशी वाजत राहतो. तिथे बसलेल्या बाईने तो कमी केला तर तिचं काय चुकलं? स्टेजनाऊमधून आवाजाची खालची मर्यादा ठरवता येते. बटण चालू राहील, पण आवाज त्याखाली जाणार नाही.

दुसरं, डेटावेजच्या स्कॅनर सेटिंगमध्ये यशस्वी स्कॅनला कंपन देण्याची सोय पाहा. तुमच्या मॉडेलमध्ये कंपनाची मोटर असेल तर पंख्यांपाशी ती बीपपेक्षा भरवशाची. हाताला कळतं, कानाची गरज नाही. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर २००६ पासून निर्यातीच्या द्राक्षाचा माग बागेपर्यंत ठेवला जातो. राहून गेलेला एक पॅलेट तुम्हाला किती महागात पडतो, हे मी सांगायला नको.

प्रश्न : गिऱ्हाइकाच्या झेब्रा एमसी ९३०० या एचएचटीचं एक बटण मेलंय. त्याचं काम दुसऱ्या बटणाला देऊन दिलं तर चालेल का?
– दुरुस्ती दुकानदार, बुटीबोरी

उत्तर : दोन-चार दिवसांसाठी चालेल, बटणाशेजारी चिकटपट्टीवर लिहून. त्यापुढे नको. या मालिकेचा कीपॅड यंत्र न उघडता बाहेरून बदलता येतो. मागवताना की किती ते नीट बघा. २९, ३४, ४३ आणि ५३ कींचे वेगवेगळे कीपॅड येतात. आणि नवा बसवल्यावर जुनी अदलाबदल आठवणीने पुसा.

प्रश्न : आमचं स्टॉक मोजणीचं ॲप झेब्रा आणि हनीवेल, दोन्हींवर चालायला हवं. बाजूचं बटण दाबलं की ‘नोंद पक्की’ व्हावी. दोन्ही कंपन्यांच्या बटणांचे कोड वेगळे येतात. प्रत्येक मॉडेलची यादी ॲपमध्ये ठेवायची का?
– सॉफ्टवेअर अभियंती, पुणे

उत्तर : यादी ठेवू नकोस. पुढच्या वर्षी नवं मॉडेल आलं की ती अपुरी पडेल. ॲपने एकच की ऐकावी, समज एफ ९, कीकोड १३९. बाजूचं बटण एफ ९ ला जोडायचं काम यंत्राच्या सेटिंगवर सोड. झेब्रावर की प्रोग्रामर किंवा स्टेजनाऊ, हनीवेलवर सेटिंग्जमधलं ‘की रीमॅप’. एफ ९ घ्यायची कारण ती सहसा दुसऱ्या कशाला वापरात नसते. एंटर घेतलास तर फोकस असलेल्या बटणावर अँड्रॉइड स्वतःच टिचकी मारतो आणि नोंद भलत्याच जागी पक्की होते. होम बटणाच्या नादी लागू नकोस, ते साध्या ॲपपर्यंत पोचतच नाही.

की पकडायला ॲक्टिव्हिटीचं डिस्पॅचकीइव्हेंट वापर. नुसतं ऑनकीडाउन वापरलंस तर आधी फोकसमधला रकाना ती की खाऊ शकतो. मुख्य गोष्ट म्हणजे रिपीटकाउंट, म्हणजे तोच दाब किती वेळा परत आला तो आकडा, तपास. बटण दाबून धरलं की अँड्रॉइड तोच दाब पुन्हा पुन्हा पाठवतो. मोजणी करणारा माणूस शिडीवर उभा असतो, एका हाताने रॅक धरलेला, दुसऱ्या हातातला एचएचटी निसटू नये म्हणून घट्ट आवळलेला. त्याचं बोट बटणावर दाबलेलंच राहतं आणि एकाच बिनच्या, म्हणजे रॅकमधल्या खणाच्या, भराभर नोंदी होतात. रिपीटकाउंट शून्य असेल तेव्हाच नोंद घे.

आणि ॲपमध्ये एक छोटा तपासणी पडदा ठेव. कुठलंही बटण दाबलं की त्याचा कीकोड मोठ्या अक्षरांत दिसेल असा. रात्री दोनला गोदामातून फोन आला की तो उघडायला सांगायचं. १३९ दिसला तर चूक ॲपमध्ये, दुसरा आकडा दिसला तर यंत्रावरची मांडणी पुसली गेलीय.