सध्या विज्ञानकथा आणि फँटसीचे चाहते काय वाचतायत? पुन्हा सुरुवात कुठून करू?

शाळेत नारळीकर वाचले होते, नंतर वीस वर्षं या वाटेला गेलोच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग मीही नारळीकरांपासूनच सुरू करते.

आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि अशाच पुस्तकांवर बोलतो. २० मे २०२५ला नारळीकर गेले, तेव्हा ठरलेलं पुस्तक बाजूला ठेवून प्रत्येकाने त्यांची एकेक कथा घेतली. माझ्याकडे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आली. इतिहासाचे हे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ साली मराठे पानिपत जिंकलेत. मुंबईत मात्र अजून कंपनी सरकार आहे. काटा नेमका कुठे फिरला ते गंगाधरपंत ग्रंथालयात बसून शोधतात, आणि सापडतं ते एवढंच, की विश्वासरावांना लागायची गोळी तिथे कानाजवळून निघून गेली, तिळाएवढ्या अंतराने.

लहानपणी मला यात फक्त गंमत दिसली होती. या वेळी वाचताना मी त्या तिळापाशीच थांबले. आपण परीक्षेत आपटलो तरी ‘पानिपत झालं’ म्हणतो. कुणी दगा दिला की ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ म्हणतो. त्या दुसऱ्या जगातल्या मराठीत ही दोन्ही वाक्यं नसणार! एका गोळीने इतिहास तर बदललाच, आपलं रोजचं बोलणंही बदललं. हे कथेत कुठे लिहिलेलं नाही, पण मराठी वाचणाऱ्यालाच ते दिसेल.

तेव्हापासून आमच्या हाती येणारी बरीच पुस्तकं याच जातीची निघाली: इतिहासाची एखादी जखम घ्यायची आणि तिच्यावर कल्पनेचा प्रकाश टाकायचा. सगळे चाहते हेच वाचतायत असा माझा दावा नाही, आमच्याकडे जे चालू आहे ते सांगते.

आर. एफ. कुआंग यांची ‘बेबल’ (२०२२) मी सगळ्यांना देत सुटले आहे. १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड. चांदीच्या कांडीवर एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला. भाषांतरात जो अर्थ निसटतो, त्यातून जादू घडते आणि त्या जादूवर इंग्रजांचं साम्राज्य चालतं. मी वाचताना वहीत शब्दांच्या जोड्या लिहीत होते. माहेर आणि होम. उष्टं आणि लेफ्टओव्हर. ‘माहेर’ कोरलेल्या कांडीतून केवढी ऊब निघेल! कथा पुढे चीनमधल्या कँटनला आणि अफूच्या व्यापाराकडे जाते, आणि तिथे आपल्याला अंग चोरता येत नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात होती आणि त्या पैशावर मुंबईतल्या कित्येक व्यापाऱ्यांची घरं उभी राहिली. पुस्तकाचा शेवटचा भाग थोडा भाषणबाजीकडे झुकतो, असं माझं मत आहे. तरी वाचाच.

लिऊ त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ नेटफ्लिक्सवरच्या २०२४च्या मालिकेमुळे अनेकांच्या हातात आली. इंग्रजी पुस्तकाची सुरुवात १९६७ साली, चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत होते: भर सभेत एका भौतिकशास्त्रज्ञाला मारून टाकतात आणि त्याची मुलगी ते बघत असते. चिनी पुस्तकात हाच प्रसंग आतमध्ये दडवलेला होता. अनुवादक केन लिऊ यांनी इंग्रजीत तो पुढे आणला, लेखकाच्याही मनात मुळात तसंच होतं. हा प्रसंग नीट वाचला नाही, तर पुढे त्या मुलीने परग्रहवासीयांना उत्तर का दिलं ते कळणार नाही.

फँटसीत मला सध्या सगळ्यात जवळचे वाटतात श्रीलंकेचे वज्र चंद्रशेखर. ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३) या त्यांच्या कादंबरीत मूल जन्मताच आई त्याची सावली पितळी खिळ्याने जमिनीला ठोकते आणि फाडून वेगळी करते. मुलाला वाढवायचं ते बापाला मारण्यासाठी, आणि बाप आहे एक महान धर्मपुरुष. बुद्ध आणि त्यांचा मुलगा राहुल यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती अधिकच लागते. वाक्यं दाट आहेत, घाई करू नका.

बाकीचं भराभर सांगते. हलकंफुलकं आणि विज्ञानाने भरलेलं हवं असेल तर अँडी वीअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’. माझी कॉलेजातली भाची रेबेका यारोस यांच्या ड्रॅगनांच्या मालिकेत आकंठ बुडाली आहे. मी पहिला भाग वाचला आणि तिला रात्रभर जागं का राहावंसं वाटतं ते मला समजलं. इंग्रजी नको असेल तर टोलकीनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिकांच्या अनुवादात ‘स्वामी मुद्रिकांचा’ नावाने मराठीत आहे. दिवाळीत ‘नवल’ आणि ‘धनंजय’ हे दिवाळी अंक चाळायला विसरू नका, नवे मराठी विज्ञानकथाकार मला तिथेच भेटतात.

तुमच्या जागी मी असते तर आज रात्री गंगाधरपंत पुन्हा वाचले असते, तासाभरात संपतात. मग ‘बेबल’. वाचताना तुमच्या घरातला न भाषांतरता येणारा एखादा शब्द आठवला, तर इथे खाली लिहा. माझ्या वहीत अजून पानं कोरी आहेत.