मुलगा कौटुंबिक प्रार्थनेला बसत नाही

प्रश्न: ताई, माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. संडे स्कूलमध्ये होता तेव्हा वचनं तोंडपाठ असायची, आता रात्री प्रार्थनेला बोलावलं की तोंड वाकडं करतो. परवा म्हणाला, आजोबांसाठी एवढी प्रार्थना केली तरी गेलेच ना ते? ह्यांनी त्याला गप्प केलं आणि मग प्रार्थनेतच म्हणाले, प्रभू, ह्याला मोठ्यांचं ऐकायची बुद्धी दे. तेव्हापासून तो त्या वेळेला दार लावून बसतो. काय करू?

उत्तर: अहो, त्याचा विश्वास उडाला वगैरे मनात आणू नका, त्याला आजोबांची आठवण येतेय. ज्याने अगदी मनापासून मागितलं होतं तोच असं विचारतो, आणि त्याला मिळालं काय तर सगळे डोळे मिटून बसलेले असताना बोलणी, तिथे बिचाऱ्याला उलट बोलायचीही सोय नाही. मीही हे केलंय. माझी मुलगी आमेन न म्हणताच उठून गेली तेव्हा डोळे उघडले माझे, मग रात्री तिच्या खोलीत जाऊन माफी मागितली.

त्याचा प्रश्न तर बायबलमध्येच आहे. स्तोत्र 13 काढा, सहाच वचनं आहेत, दावीद सरळ देवालाच विचारतो की मला कुठवर विसरून राहणार. आणि योहान 11 मध्ये मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत करणार हे माहीत असूनसुद्धा येशू रडला. हे दोन्ही त्याच्यासोबत वाचा, आजोबा का बरे झाले नाहीत हे तुम्हालाही कळलं नसेल तर तसंच सांगा, देवाची मर्जी म्हणून विषय मिटवू नका प्लीज. तुम्ही किती रडलात तेही सांगा.

रात्रीची प्रार्थना बंद करू नका पण पाच मिनिटांची करा आणि त्याला ओढून आणू नका. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोला असं आहे, म्हणजे दिवसभरात कधीही जमतं की. मिस्टरांना इफिसकरांस पत्रातलं 6:4 हे वचन दाखवा, मुलांना चीड येईल असं वागू नका हे तिथे बापांनाच सांगितलंय. आधी त्यांनी त्याच्याकडे जावं, एकट्याने.

आणि आजोबांचं बायबल घरात असेल तर ते त्याला देऊन टाका, त्यांनी कुठल्या वचनांखाली रेघा मारल्यात ते त्याचं त्यालाच शोधू दे.