पात्राचं विश्लेषण करायला सांगितलं की विद्यार्थी नुसती विशेषणं लिहितात. काय करावं?

लिहू द्या विशेषण, पण लगेच पुरावा मागा: पात्र असं कुठे बोललं, कुठे वागलं? नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकात (१८७९) नोरा सुरुवातीलाच चोरून मॅकरून (बदामाची गोड बिस्किटं) खाते आणि नवऱ्याने विचारल्यावर साफ नाकारते. एवढाच प्रसंग वर्गात मोठ्याने वाचून घ्या. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी ती खोटं का बोलते? 'खोटारडी' लिहून मोकळी झालेली मुलं इथे थबकतात. पुढे तिने नवऱ्यापासून लपवून काढलेल्या कर्जाचं गुपित उघडं पडलं की याच प्रसंगाकडे परत या. मत बदललं तर बदलू द्या, मला तर तेच हवं असतं.

कादंबरीत एक जास्तीचा प्रश्न: हे पात्राचं मत की निवेदकाचं? नाटकात निवेदक बहुधा नसतो, तिथे रंगसूचना (पात्रांच्या हालचाली, हावभाव सांगणाऱ्या ओळी) वाचायला लावा.