लेकीला अमेरिकन फुटबॉलची पंच व्हायचंय

पत्राचा गोषवारा: सांगलीच्या एका वडिलांची मुलगी टेक्सासमध्ये ऑस्टिनला कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. करते आहे. दुसरं वर्ष सुरू आहे, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती तिथल्या स्टेडियममध्ये टेक्सास विरुद्ध जॉर्जिया हा कॉलेज फुटबॉलचा सामना बघायला गेली. पंचांच्या निर्णयावरून प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या आणि मग निर्णय बदलला. तेव्हापासून मुलगी नियमपुस्तक घेऊन बसते, रिप्ले बघत बसते. 'कॅमेरे असताना चुका होतातच कशा? मला हेच काम करायचंय,' असं तिचं म्हणणं. वडिलांचा प्रश्न असा, की हे खूळ आहे की करिअर, आणि तिला समजवायचं कसं?

सप्रेम नमस्कार,

हे खूळ नाही. पण तुमची लेक समजते तसं पोट भरण्याचं करिअरही नाही, निदान आत्ता तिच्या व्हिसावर तरी नाही. तुम्ही तिला समजावण्याआधी तिला नेमकं काय दिसलं ते तुम्ही समजून घ्यावं असं मला वाटतं, म्हणून थोडं खेळाबद्दल लिहिते.

१९ ऑक्टोबर २०२४ चा तो सामना. जॉर्जिया २३-८ ने पुढे होती. टेक्सासच्या बचावपटूनं जॉर्जियाचा पास मधल्या मध्ये पकडला (याला इंटरसेप्शन म्हणतात) आणि पार त्यांच्या ९ यार्डांच्या रेषेपर्यंत धाव घेतली. तेवढ्यात पंचांनी फाउलसाठी टाकलेला पिवळा फ्लॅग पडलेला दिसला. पास झेलणाऱ्याला अडवल्याचा फाउल, म्हणजे पास इंटरफिअरन्स. इंटरसेप्शन रद्द. मोठ्या पडद्यावर रिप्ले दिसला, लाखभर प्रेक्षक खवळले, विद्यार्थ्यांच्या बाजूनं बाटल्या आल्या. खेळ थांबला, साफसफाई झाली, पंच पुन्हा एकत्र जमले आणि त्यांनी फाउल मागे घेतला. टेक्सासनं लगेच टचडाउन केलं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. शेवटी जॉर्जियाच ३०-१५ ने जिंकली, म्हणून प्रकरण त्यामानानं लवकर निवलं.

आता यातली गोम. पास इंटरफिअरन्स आहे की नाही, हे कॉलेज फुटबॉलमध्ये रिप्लेवर तपासता येत नाही. तो पंचाच्या नजरेचा निर्णय. म्हणजे त्या रात्री कॅमेऱ्यानं अधिकृतपणे काहीच बदललं नाही, पंचांनी आपापसांत बोलून बदललं. मूळ निर्णय चुकीचा होता असं जवळपास सगळ्यांचं मत आहे, माझंही. पण बाटल्या पडल्यावर बदललेला योग्य निर्णयसुद्धा संशयास्पद होतो. जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी सामन्यानंतर हाच मुद्दा मांडला: आता लोकांना कळलं, की वस्तू फेकल्या तर निर्णय फिरू शकतो. हे दोन्ही संघ ज्या लीगमध्ये खेळतात तिनं टेक्सास विद्यापीठाला अडीच लाख डॉलरचा दंड केला.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर या एका सामन्यात मिळणार नाही. तिला सांगा, १० सप्टेंबर २०१६ चा ओक्लाहोमा स्टेट विरुद्ध सेंट्रल मिशिगन हा सामना बघ. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ ने पुढे, त्यांचाच चौथा डाउन, घड्याळात ४ सेकंद. त्यांच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूनं, वेळ संपवायला चेंडू मैदानाबाहेर लांब फेकून दिला. घड्याळ शून्यावर. पंचांनी मुद्दाम चेंडू फेकल्याचा फाउल दिला, तो बरोबर होता. पण त्यापुढे त्यांनी सेंट्रल मिशिगनला बिनवेळेचा एक जादा डाउन दिला. नियम सांगतो, की ज्या फाउलच्या शिक्षेतच डाउन जातो, त्या फाउलवर वेळ वाढवायची नाही. सामना तिथंच संपायला हवा होता. त्या जादा डाउनवर सेंट्रल मिशिगननं लांब पास टाकला, झेलणाऱ्यानं पडता पडता चेंडू साथीदाराकडे दिला, तो धावत गेला, आणि ३०-२७. चूक मान्य झाली, पंच निलंबित झाले, निकाल मात्र तसाच राहिला. संपलेल्या सामन्याचा निकाल फिरवायची सोयच नियमांत नव्हती.

इथं कुणाच्या डोळ्यांची चूक नव्हती. मैदानावर आठ पंच होते, वर खोलीत रिप्लेवाले होते. नियम चुकीचा लावला जातोय, हे मैदानावरच्या पंचांना कळवायची मुभा त्या खोलीतल्या लोकांना होती. लीगनं नंतर तसं स्पष्ट म्हटलं आणि त्यांनाही निलंबित केलं. सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा त्या क्षणी एका माणसाला नियम आठवणं आणि त्यानं तोंड उघडणं जास्त मोलाचं होतं. तुमची लेक रात्री नियमपुस्तक उघडून बसते ना, ती नेमकी योग्य जागी बसली आहे. याबाबतीत तिला अडवू नका.

दुसरी बाजूही तिला माहीत हवी. ३१ ऑक्टोबर २०१५ ला मायामीनं ड्यूकविरुद्ध शेवटच्या किकऑफवर (चेंडू लाथाडून खेळ पुन्हा सुरू करतात तेव्हा) आठ वेळा चेंडू एकमेकांकडे देत टचडाउन केलं आणि सामना ३०-२७ ने जिंकला. रिप्ले जवळजवळ नऊ मिनिटं चालला. त्या धावेत मायामीच्या एका खेळाडूचा गुडघा चेंडू सोडण्याआधी जमिनीला टेकलेला होता, म्हणजे खेळी तिथंच संपायला हवी होती; फोटोत स्वच्छ दिसतं. नऊ मिनिटं बघूनही तो निसटला. मैदानावरचे पंच आणि रिप्लेवाले, सगळ्यांना दोन सामन्यांसाठी निलंबित केलं गेलं.

आपल्याकडे क्रिकेट बघणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. टीव्ही पंचाच्या निर्णयावर बाद झालेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर, १९९२, दरबान. आता आपण 'अंपायर्स कॉल'वर भांडतो. कॉलेज फुटबॉलमध्येही मैदानावरचा निर्णय बरोबर धरूनच रिप्ले सुरू होतो, आणि तो फिरवायला निर्विवाद पुरावा लागतो. पुरावा अर्धवट असेल तर मूळ निर्णय राहतो, मग तो बरोबर असो वा नसो. मिशिगनवाले २०१६ च्या सामन्यातला ओहायो स्टेटचा तो चौथा डाउन अजून विसरलेले नाहीत. चेंडू रेषेला पोचला की इंचभर अलीकडे राहिला, हे अंगाखाली दबलेल्या चेंडूत कुठलाच कॅमेरा छातीठोकपणे दाखवू शकला नाही. पूर्वी रेफरी 'निर्णय पक्का' आणि 'निर्णय कायम' असे दोन वेगळे शब्द वापरायचे, म्हणजे पुरावा किती भक्कम होता ते कळायचं. २०२५ पासून फक्त कायम किंवा रद्द एवढंच सांगतात. माझ्या मते हे पाऊल मागे टाकलं. प्रेक्षकाला शंकेचं प्रमाण कळलेलं बरं.

आता पोटापाण्याचं.

कॉलेज फुटबॉलचे पंच, अगदी वरच्या लीगमधलेसुद्धा, बहुतेक दुसरी नोकरी करणारे असतात. सारा थॉमस यांचं उदाहरण लेकीला नक्की सांगा. २००७ मध्ये मोठ्या कॉलेज फुटबॉलचा सामना चालवणारी ती पहिली स्त्री, २०१५ मध्ये एनएफएलमधली, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधली, पहिली कायमची स्त्री पंच. पोटासाठी ती औषध कंपनीत विक्रीचं काम करायची. वाट ठरलेली आहे: लहान मुलांचे सामने, शाळांचे सामने, छोटी कॉलेजं, उन्हाळ्यातली पंचांची शिबिरं, मग कुणी वर ओढलं तर मोठी लीग. यात वर्षानुवर्षं जातात. रिप्लेच्या खोलीत बसणारेही बहुतांशी मैदानावर आयुष्य घालवलेले जुने पंच असतात, थेट तिथं जाता येत नाही. टेक्सासमध्ये असण्याचा एक फायदा मात्र आहे. तिथलं शालेय फुटबॉल थोड्याफार फरकानं कॉलेजच्याच नियमांवर चालतं, बाकी बहुतेक राज्यांत शाळांचं नियमपुस्तक वेगळं असतं. जे ती वाचतेय तेच तिथल्या शाळांतही लागू आहे.

आणि इथंच मला तिला सगळ्यात कडक इशारा द्यायचा आहे. शालेय सामन्यांना पंच कमी पडतात. कुणीतरी तिला म्हणेल, ये, शुक्रवारी संध्याकाळी एक सामना कर, मानधन मिळेल. तिनं जाऊ नये. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर पैसे घेऊन काम करणं म्हणजे थेट व्हिसाचा भंग. रक्कम किती किरकोळ आहे हे कुणी बघत नाही. फुकट करते म्हटलं तरी, जे काम एरवी पैसे देऊन करून घेतात ते फुकट करणंही अडचणीत आणू शकतं. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तरी काम फक्त ज्या कंपनीनं तो घेतला तिच्याचसाठी. म्हणजे शनिवार-रविवारची पंचगिरी पैसे घेऊन करायची तर ग्रीन कार्डसारखी मोकळीक लागते, आणि भारतीयांसाठी ती रांग किती लांब आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग करायचं काय? मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या फ्लॅग फुटबॉलच्या (अंगावर न पडता कमरेची पट्टी ओढून अडवायचा सौम्य प्रकार) स्पर्धा होतात आणि त्यांना विद्यार्थीच पंच लागतात, तासाच्या हिशोबानं पैसे देऊन. विद्यापीठानं स्वतः दिलेलं हे कॅम्पसवरचं काम, ते एफ-१ वर चालतं, सत्र सुरू असताना आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत. इतर कामाचे तास त्यातच धरायचे. अर्ज करण्यापूर्वी तिनं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारावं आणि उत्तर ई-मेलवर घ्यावं. तिथं ती शिट्टी हातात घेईल, कुणीतरी तोंडावर येऊन ओरडेल, आणि तिला स्वतःला कळेल की हे आपल्याला झेपतंय का. फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, म्हणजे या अनुभवाला अमेरिकेबाहेरही थोडीफार किंमत येईल.

ते झेपणं महत्त्वाचं आहे. २००६ मध्ये ओरेगॉननं ओक्लाहोमाला ३४-३३ ने हरवलं, त्या सामन्यातल्या एका किकचा चुकीचा निर्णय रिप्लेतही तसाच राहिला. रिप्लेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला घरी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. लेकीला वाटतंय, आपण पडद्यामागे बसून शांतपणे सत्य शोधू. तिथं बसलेल्याचंही नाव बाहेर येतं.

कर्ज फेडायचं ते तिच्या डिग्रीतून. आणि सुदैवानं दोन्ही गोष्टी एका जागी येतात. व्हिडिओवरून चेंडू, गुडघा, रेषा ओळखणं हे कॉम्प्युटर व्हिजनचं काम. पिट्सबर्गची डीव्हीस्पोर्ट कॉलेज फुटबॉलला रिप्लेची यंत्रणा पुरवते. क्रिकेटमुळे आपल्या ओळखीची हॉक-आय आता सोनीच्या मालकीची आहे. एनएफएलनं २०२५ पासून दहा यार्ड पुरे झाले का ते साखळी ओढून मोजण्याऐवजी तिच्या कॅमेऱ्यांनी मोजायला सुरुवात केली. तरी चेंडू नेमका कुठं ठेवायचा ते अजून पंचच हातानं ठरवतो. खेळाडूंच्या ढिगाऱ्याखालचा चेंडू शोधणं हा प्रश्न सुटलेला नाही. लेकीचा प्रोजेक्ट अजून ठरायचा असेल तर तिनं तो यावर घ्यावा. ओपीटीवरचं, म्हणजे शिक्षणानंतर तिथं काम करायच्या परवानगीवरचं, काम शिक्षणाशी संबंधित असावं लागतं, आणि हे तसं दाखवता येतं. नियम जाणणारा प्रोग्रामर अशा कंपन्यांना सहज मिळत नाही. पण या कंपन्या मोजक्या आहेत आणि ओपीटीत नोकरीविना नव्वदच दिवस काढता येतात. म्हणून नेहमीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे अर्ज तिनं थांबवायचे नाहीत, दोन्ही बरोबर चालू ठेवायचे. परत यायचं ठरलं तर आपल्याकडे क्रिकेटच्या प्रक्षेपणात चेंडूचा माग काढणाऱ्या यंत्रणांचं काम आहे, आणि पंच व्हायचं असेल तर राज्य संघटनांमार्फत परीक्षांचा मार्ग आहे. त्याबद्दल तेव्हा सविस्तर लिहीन.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, 'फी यासाठी भरली का?' ते तिला बोलू नका. तिला फक्त दोन गोष्टी विचारा: प्रोजेक्टचा विषय विद्यापीठात कधीपर्यंत द्यायचा आहे आणि ओपीटीचा अर्ज कधी भरायचा आहे. त्या तारखा आणि तिनं घेतलेल्या विषयांची यादी मला पाठवा, किंवा तिलाच थेट लिहू द्या. मग कुठल्या कंपन्यांना आधी अर्ज करायचे ते ठरवू.

आपली,
करिअर समुपदेशक